‘दोन वर्षांत नाव कर’ ही अट आधी मागे घ्या

नमस्कार,

मुलीच्या डोक्यातलं खूळ काढा, म्हणून तुम्ही मला पत्र लिहिलंत. तिला टीव्ही मालिकांना संगीत द्यायचंय. अकरावीत गुण घसरले, लॅपटॉप कपाटात गेला आणि वर अट घातलीत : ‘दोन वर्षांत नाव कर, नाहीतर मुकाट्याने इंजिनिअरिंग.’ गुणांचं बघता येईल. मला धास्ती वाटते ती या अटीची. दोन वर्षांत इंजिनिअर होऊन दाखव, असं तुम्ही कुणाला म्हणाल का?

‘एकच प्रसंग आवाज बंद करून पुन्हापुन्हा बघत बसते’, ही तुमची तक्रार. अहो, या कामाची सुरुवातच तिथून होते! संगीत कुठे सुरू करायचं, कुठे तोडायचं, कुठे अजिबात द्यायचं नाही, हे दिग्दर्शकाबरोबर बसून ठरवतात. त्याला स्पॉटिंग म्हणतात. मुलगा खोटं बोलतोय हे आईला कळलंय, पण ती गप्प आहे. तिचा चेहरा बदलण्याआधीच सूर आला, तर गुपित फुटलं. संवादाखाली व्हायोलिन माणसाच्या आवाजाच्याच पट्टीत वाजलं, तर शब्द बुडाले. तुमची मुलगी हेच शोधत असणार. तिला विचारलंत कधी?

‘एखादी थीम गाजली की आयुष्याची ददात मिटेल, तसं तरी होईल का?’ हा मात्र निव्वळ गैरसमज. थीम, म्हणजे मालिकेची शीर्षकधून, एकदा होते. पार्श्वसंगीत प्रत्येक भागाला लागतं, तेही तारखेच्या आत. आणि गाजण्याचं म्हणाल तर 1963 सालचं बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या थीमचं उदाहरण घ्या. चाल रॉन ग्रेनर यांची, पण टेपचे तुकडे कापून-जोडून ती प्रत्यक्षात घडवली डेलिया डर्बीशायर यांनी. ग्रेनर त्यांना सहसंगीतकार म्हणून श्रेय द्यायला तयार होते, बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. पडद्यावर त्यांचं नाव आलं 2013 मध्ये. त्या 2001 मध्येच वारल्या होत्या. म्हणून नावापेक्षा करार वाचायला शिकवा : हक्क कुणाकडे राहणार, क्यू शीटवर, म्हणजे भागात वापरलेल्या संगीताच्या यादीवर, प्रत्येक तुकड्याची लांबी आणि संगीतकाराचं नाव नीट भरलं जाणार का. रॉयल्टीचं वाटप त्या कागदावरून होतं.

जाता जाता, या डर्बीशायरबाई केंब्रिजला गणित आणि संगीत शिकल्या होत्या. तेव्हा गणित सोडायची घाई मुलीनेही करू नये.

विशारद, ट्रिनिटी कॉलेजच्या संगीतपरीक्षांच्या ग्रेड, साउंडचा डिप्लोमा, यातलं काहीही उपयोगी पडेल. सक्ती कशाचीच नाही.

आता लॅपटॉप बाहेर काढा. अभ्यासाचे तास तिच्याशी बोलून ठरवा. दोन मिनिटांचा, संवाद असलेला एक प्रसंग तिने निवडावा आणि आठवड्यात त्याला दोन वेगवेगळ्या प्रकारे संगीत द्यावं. मग तुम्ही, न आवडलेल्या जागा सांगून, तिसरं मागा, दुसऱ्या दिवशीपर्यंत. चिडली तरी हरकत नाही. करून देते का, ते बघा. आणि मला पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुम्ही ते तपासू नका.