डार्टमूरच्या वाटा : प्रश्न तुमचे, उत्तरं टॅव्हिस्टॉकहून

गेल्या अंकात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या डार्टमूर या माळरानावर लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली ती बहुतेक भुतांबद्दल. मी मूळची कऱ्हाडची, नोकरीची बरीच वर्षं इथल्या एका हॉस्पिटलात नर्स होते, आणि निवृत्तीनंतर टॅव्हिस्टॉकला राहून या माळावर भटकते. भुतांवर माझा विश्वास नाही. पण त्यांच्या गोष्टी कुठे चिकटल्यात ते बघायला मला आवडतं, कारण जिथे भूत असतं तिथे बहुतेक वेळा खालून काहीतरी खरं निघतं.

ताई, तुम्ही ‘मढ्यांच्या वाटे’चा ओझरता उल्लेख करून पुढे गेलात. खरंच माळावरून प्रेतं नेत होते का? जिथे मेले तिथेच का पुरत नसत? आम्ही दोघं जूनमध्ये मुलाकडे ब्रिस्टलला येतोय. ही वाट आम्हाला झेपेल का? — एक वाचक, सातारा

नेत होते. त्यामागे भूत नाही, चर्चची हद्द आहे. माळाचा मधला सगळा उंच भाग लिडफर्डच्या पॅरिशमध्ये मोडायचा आणि लिडफर्ड पडलं पार पश्चिम कडेला. पूर्वेकडे ईस्ट डार्ट नदीच्या अंगाला बॅबनी, पिझवेल अशा वाड्या होत्या. तिथल्या माणसाचा बाप्तिस्मा लिडफर्डला आणि मातीही लिडफर्डलाच. दुसऱ्या चर्चच्या आवारात पुरायचं तर त्यांची परवानगी हवी, आणि मयताचं उत्पन्न आपल्या हातचं सुटावं असं कुठल्या पाद्र्याला वाटेल?

1260 साली या वाड्यांचं गाऱ्हाणं एक्झिटरचे बिशप वॉल्टर ब्रॉन्सकोम यांच्यापर्यंत गेलं. बरं हवामान असेल तर लिडफर्ड आठ मैल, पाऊसवादळात वळसा घालावा लागला तर पंधरा मैल, असं त्या नोंदीत आहे. बिशपनी बॅबनी आणि पिझवेलच्या लोकांना जवळच्या वाइडकोमच्या चर्चला जायची मुभा दिली. म्हणजे सरकारदरबारी, अर्ज करून, अंतर मोजून सुटलेला प्रश्न. या कागदाइतकं अंगावर येणारं मला त्या वाटेवरच्या एकाही भुतात सापडलेलं नाही.

मेलेलं माणूस किती जड असतं ते मला नोकरीनं शिकवलंय. एका पलंगावरून शेजारच्या पलंगावर घ्यायचं तर दोघींची कंबर धरते. इथे तर जानेवारीत, गुडघाभर चिखलातून, तीन-चार नद्या ओलांडून न्यायचं. जमेल तिथे घोड्यावर घालून नेत. टॅव्ही नदीच्या अलीकडे कॉफिन वूड नावाची झाडी आहे. तिथे प्रेत घोड्यावरून उतरवून पेटीत ठेवत आणि मग उरलेली वाट खांदेकऱ्यांची, असं सांगतात. या वाटेवर रात्री पांढऱ्या झग्यातल्या साधूंची आणि मयताची मिरवणूक दिसते, अशी आख्यायिका आहेच. दिसणारच. शेकडो वर्षं खरीखुरी मयतं गेली की डोळ्यांना सवय लागते.

आणखी एक गोष्ट या वाटेची नाही, पण सोयरीक तीच. बर्फात अडकलेला एक प्रवासी माळावरच्या खानावळीत मुक्काम करतो. खोलीतली पेटी कुतूहलानं उघडतो तर आत म्हातारा मेलेला. घाबरून खाली येतो, तर खानावळवाली शांतपणे म्हणते, अहो ते आमचे वडील. थंडी ओसरून वाटा मोकळ्या होईपर्यंत मिठात घालून ठेवलेत. ही गोष्ट लोक पोस्टब्रिजजवळच्या वॉरन हाउस इनला जोडतात. ती खानावळ आजही चालू आहे, सध्याची इमारत 1845 सालची. तेव्हापासून तिथली चूल विझलेली नाही, असा त्यांचा दावा आहे. मी तपासलेलं नाही, सूप चांगलं असतं. त्या गोष्टीत घाबरतो तो शहरातला पाहुणा. घरच्या बाईला फक्त वाटेची अडचण आहे.

आता झेपण्याबद्दल. पूर्वेकडच्या बेलिव्हर या वाडीपासून लिडफर्डपर्यंत साधारण 18-19 किलोमीटर. जुन्या बारुदखान्याच्या भिंतींवरून, लाँगफर्डची धार ओलांडून वेस्ट डार्ट नदीत उतरायचं, मग लिडफर्ड टॉर, काउझिकचा ओढा, वॉकहम नदीवरचा सँडी फर्ड, व्हाइट टॉरच्या बाजूनं टॅव्हीकडे. टॉर म्हणजे माथ्यावर ग्रॅनाइटचे ढिगारे असलेली टेकडी. कळसूबाईसारखी चढण कुठेच नाही, अख्ख्या माळाचा सर्वोच्च माथा हाय विलहेज तो 621 मीटरचा. दमवतो तो ओला पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची स्पंजासारखी काळी माती, आणि गवताचे उंच गड्डे, ज्यांच्यामध्ये पाय मुरगळतो. साताऱ्याचे आहात, यवतेश्वरला चालत जाता असं लिहिलंय, तेव्हा जमेल. मात्र मधला पट्टा लष्कराच्या मेरिव्हेल रेंजमध्ये येतो. दिवसा लाल निशाण किंवा रात्री लाल दिवा असेल तर आत गोळीबार चालू आहे. वेळापत्रक आधी जाहीर होतं, ते बघूनच दिवस ठरवा.

आमच्या कोकणात चकवा लागतो. माणूस रात्रभर एकाच बांधावर फिरतो. तिकडच्या लोकांना असलं काही माहीत आहे का, आणि उतारा काय करतात? — एक वाचक, राजापूर

माहीत आहे, चांगलंच. इथे तो पिक्सींचा उद्योग. पिक्सी म्हणजे वीतभर उंचीची, खोडकर मंडळी. रात्री घोड्यांच्या आयाळीच्या गाठी मारणारी, धुक्यात माणसाला फिरवणारी. शीप्सटॉरच्या कड्यात पिक्सींची गुहा म्हणून एक फट आहे. पूर्वी आत शिरणारा माणूस तिथे टाचणी ठेवून येई. उतारा म्हणाल तर अंगातला कोट काढून उलटा घालायचा. कोट नसेल तर खिसे उलटे करायचे.

हसू नका, मी हे करून बघितलंय. डार्टमूरचं धुकं वरून उतरत नाही, चारी बाजूंनी एकदम येतं. माळावरच्या प्रिन्सटाउन या गावी वर्षाला जवळपास 2000 मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरपुढे तो काहीच नाही, पण इथे त्याला ऋतू नाही, तो बाराही महिने पडतो. धुकं आलं की दहा पावलांवरची मेंढी बैलाएवढी दिसते, आणि लांब वाटलेला टॉर प्रत्यक्षात हाताशी असलेला धोंडा निघतो. खूण दिसेनाशी झाली की माणूस सरळ चालतोय अशा समजुतीत गोल फिरतो, हे पिक्सी नसतानाही होतं. अशा वेळी घाबरलेला माणूस वेग वाढवतो. कोट उलटा करायचा तर थांबावं लागतं, पाठीवरची पिशवी उतरवावी लागते, बटणं लावावी लागतात. तेवढ्यात श्वास जागेवर येतो आणि होकायंत्र खिशात आहे हे आठवतं.

ओढा धरून खाली उतरा, असा सल्ला सगळे देतात. तो इथे जपून वापरायचा, कारण ओढे आधी दलदलीत जातात. माझ्या शेजारच्या निवृत्त मेंढपाळाचं म्हणणं, गडगा धरा. माळावर मैलोन्‌मैल दगडी गडगे आहेत, आणि गडगा कुणीतरी माणसानं, कुठल्या तरी शेताच्या हिशेबानं घातलेला असतो. दलदलीचं म्हणाल, तर सगळ्यात हिरवंगार, गादीसारखं शेवाळ दिसेल तिथे पाय ठेवायचा नाही. खाली पाणी असतं आणि वरची गादी हलते.

चाइल्ड नावाच्या शिकाऱ्यानं घोड्याचं पोट फाडून आत आसरा घेतला, ही गोष्ट खरी मानायची का? — एक वाचक, नाशिक

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. चाइल्ड हा प्लिमस्टॉकचा जमीनदार. शिकारीत साथीदारांपासून तुटला, बर्फाच्या वादळात सापडला. घोडा मारला, आतडी काढली, आत शिरला, तरी गोठून मेला. मरताना म्हणे घोड्याच्या रक्तानं मृत्युपत्र लिहिलं, की मला जो पुरेल त्याला माझी जमीन. टॅव्हिस्टॉकच्या मठातल्या साधूंना खबर लागली, ते धावले. प्लिमस्टॉकवाले नदी पायी ओलांडायच्या जागी दबा धरून बसले. साधूंनी दुसरीकडे घाईघाईनं पूल बांधला, प्रेत मठात नेऊन पुरलं आणि जमीन मिळवली.

तुम्ही खरं-खोटं विचारलंत. मी विचारेन, या गोष्टीनं कुणाचं पोट भरलं? शेवटी सातबारा मठाच्या नावावर चढतो. एवढ्या वादळात, एकट्या माणसानं, गोठलेल्या बोटांनी लिहिलेलं आणि नेमकं साधूंच्या सोयीचं मृत्युपत्र! आमच्याकडे भाऊबंदकीच्या दाव्यात असे कागद वाडवडिलांच्या पेटीतून निघतात, तेव्हा कुणी त्याला लोककथा म्हणत नाही.

जागा मात्र खरी आहे आणि जाऊन बघण्यासारखी. फॉक्स टॉर मायर या मोठ्या दलदलीच्या कडेला दगडी पेटीसारखं थडगं, त्यावर क्रॉस. ही दगडी पेटी मुळात चाइल्डच्या कितीतरी आधीच्या, कांस्ययुगातल्या दफनाची. 1812 मध्ये शेजारी शेतघर बांधताना वरचा चौथरा मोडून दगड पळवले, पुढे क्रॉस नव्यानं उभा केला. गोष्ट घोड्याची, थडगं त्याहून जुनं, क्रॉस नवा. प्रिन्सटाउनकडून नन्स क्रॉसवरून जा. तो माणसाहून उंच जुना क्रॉस 1240 च्या हद्दपाहणीत नोंदलेला आहे. आणि मायर थेट ओलांडायच्या फंदात पडू नका, कडेकडेनं जा.

जे’ज ग्रेव्हवर रोज ताजी फुलं कोण ठेवतं? — एक वाचक, पुणे

हाउंड टॉरजवळ रस्ता आणि पायवाट मिळतात तिथे गवताचा एक छोटा उंचवटा, डोक्याशी दगड. सांगतात ती गोष्ट अशी. किटी जे ही अनाथ मुलगी शेतावर कामाला होती. दिवस गेले, कुणी जबाबदारी घेतली नाही, तिनं खळ्यात गळफास घेतला. आत्महत्या केलेल्याला चर्चच्या जमिनीत जागा नव्हती, चौरस्त्यावर पुरत. भूत गोंधळावं, घरची वाट सापडू नये म्हणून. चौरस्त्यावरच्या या दफनाची पद्धत पार्लमेंटनं 1823 साली कायद्यानं बंद केली. 1860 मध्ये इथे रस्त्याचं काम करताना तरुण बाईची हाडं निघाली, ती पेटीत ठेवून त्याच जागी पुन्हा पुरली.

फुलं कोण ठेवतं हे विचारू नका, असं मला वाटतं. पिक्सी ठेवतात म्हणतात. येणारे-जाणारे ठेवतात हे उघड आहे. नाणी, खेळणी, प्लॅस्टिकची फुलं, केसांच्या क्लिपा, सगळं पडलेलं असतं, आणि मला ते पाहून थोडा रागही येतो. जिवंतपणी जिला कुणी ओसरीवर घेतलं नाही तिच्यावर आता गाड्या थांबवून फोटो काढतात. पण ती कोण होती त्यापेक्षा तिला पुरलं कुठे हे बघा. ही जागा माळाच्या मध्यात नाही, गावाच्या अगदी वापरातल्या रस्त्यावर आहे. बाजाराला जाणारी प्रत्येक मोलकरीण तिच्या अंगावरून जायची. ते भुतासाठी केलं की मोलकरणींसाठी, तुम्हीच ठरवा.

विस्टमन्स वूडमधले काळे कुत्रे? — एक वाचक, डोंबिवली

ते विश्ट हाउंड्स. सैतान त्यांना घेऊन रात्री शिकारीला निघतो. नाव न ठेवता, बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांचे ते आत्मे, असंही म्हणतात. वाइडकोमच्या जत्रेवरून परतणारा एक पिऊन तर्र शेतकरी काळ्या शिकाऱ्याला म्हणतो, आम्हालाही दे की शिकारीतलं काही. शिकारी गाठोडं फेकतो. घरी दिव्याखाली उघडतो तर आत स्वतःचं मेलेलं मूल. ही गोष्ट मी कुणाला रंगवून सांगत नाही. बाळंतिणींच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा.

झाडी मात्र बघाच, बाहेरून. खुरटे, वाकडेतिकडे ओक, मोठमोठ्या धोंड्यांवर उगवलेले, फांद्यांवर शेवाळ आणि दगडफूल. माणसांच्या पायांनी ते शेवाळ झिजायला लागलं, म्हणून आत न जाता कडेनं चालण्याची विनंती केलेली आहे. ती पाळा.

मी पाचवीत आहे. तुमच्याकडे एखादं विनोदी भूत आहे का? — एक वाचक, ठाणे

आहे की! ओकहॅम्प्टन गावचा महापौर, बेंजी गिअर. मेल्यावर फारच त्रास द्यायला लागला, तेव्हा पाद्र्यांनी त्याला शिक्षा दिली, की माळावरचं क्रॅनमिअरचं तळं चाळणीनं उपसून रिकामं कर. बेंजी हुशार. त्यानं मेलेल्या मेंढीचं कातडं काढलं, चाळणीत बसवलं आणि इतकं भराभर पाणी उपसलं की खाली ओकहॅम्प्टनमध्येच पूर आला. आज तिथे पीटमधला एक कोरडा खळगा आहे, तळं नाही. म्हणजे काम त्यानं पूर्ण केलं! तिथेच 1854 मध्ये चॅगफर्डच्या जेम्स पेरट या वाटाड्यानं एक बाटली ठेवली. येणाऱ्यांनी त्यात आपलं कार्ड टाकायचं. त्यातून माळावर डबे लपवायचा आणि शोधायचा खेळ सुरू झाला, प्रत्येक डब्यात वही आणि शिक्का. आईबाबांना सांग, शिक्के मारायला वही घेऊन या.

तंबू लावता येतो का? आणि काय काय आणावं? — एक वाचक, लंडन

येतो. जमीनमालकांनी हे कोर्टात नेलं होतं. मे 2025 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की डार्टमूरच्या सामाईक माळांवर पायी येणाऱ्याला वेगळी परवानगी न मागता मुक्काम करता येतो. सगळ्या माळावर नाही, कुठे चालतं त्याचा नकाशा राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर आहे. शेकोटी पेटवायची नाही, पीट आतून धुमसत राहतो. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल 28 नकाशा कागदावर घ्या, फोनला बऱ्याच खोऱ्यांत रेंज नसते. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे. माळावर मोकळी फिरणारी छोटी घोडी गोड दिसतात, त्यांना चपाती देऊ नका, मग ती रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडतात. आणि उन्हाळ्यात नेच्याच्या रानातून चाललात तर संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघा. चिकटलेली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-बिल लावत बसू नका.