घरचा बँड टिकतो का? बीच बॉइजचं बघा

दोघं भाऊ आणि आतेभाऊ मिळून बँड काढताय आणि घरच्यांचा बँड टिकतो का असं विचारलंयस, तर बीच बॉइज या अमेरिकन बँडचंच सांगतो कारण नातं डिट्टो तेच. ब्रायन, डेनिस, कार्ल विल्सन सख्खे भाऊ, माइक लव्ह त्यांच्या आत्याचा मुलगा (इंग्रजीत नुसतं कझिन म्हणून मोकळे होतात) आणि अल जार्डिन मित्र. गाव कॅलिफोर्नियातलं हॉथॉर्न, साल १९६१.

त्यांच्या हार्मनीचं (वेगवेगळ्या सुरांत एकत्र गाण्याचं) लोक एवढं कौतुक करतात, पण ती काय स्टुडिओत शिकलेली नाही, तिघं भाऊ एकाच खोलीत झोपायचे आणि ब्रायन रात्री बाकीच्या दोघांकडून सूर घोटून घ्यायचा. डेनिसला तर आईने हट्ट धरला म्हणून घेतलं, आणि गंमत म्हणजे सर्फिंग येणारा तोच एकटा, गाणी सर्फिंगवर करा ही आयडिया पण त्याचीच.

मॅनेजर कोण, तर वडील, मरी विल्सन. माणूस तापट, मारकुटा, पण सुरुवातीला रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरठे त्यानेच झिजवले हे पण मान्य करायला पाहिजे. १९६४ मध्ये पोरांनी त्याला काढलं, तरी गाण्यांच्या हक्कांची कंपनी त्याच्याच हातात राहिली आणि १९६९ मध्ये त्याने ती ७ लाख डॉलरला विकून टाकली. खरी माती इथे झाली. पुढे ब्रायनने केस करून पैसे मिळवले, मग माइकने ब्रायनवर केस केली की शब्द माझे होते, माझं नावच नाही, आणि १९९४ मध्ये कोर्टाने ३५ गाण्यांवर त्याचं नाव लावलं! म्हणजे त्याच्या तीस वर्षं आधीच ज्याचं त्याचं नाव लिहिलं असतं तर विषयच मिटला असता, पण घरच्या घरात कोण लिहून घेतं, बरोबर ना?

भांडणं ऐकून असं वाटेल की काम कधी केलं, तर १९६४ च्या डिसेंबरात विमानात पॅनिक अटॅक आल्यावर ब्रायनने टूर सोडल्या, बाकीचे गावोगाव वाजवत फिरायचे आणि हा स्टुडिओत, त्यातूनच १९६६ चा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम आला. माझ्या मते ही वाटणी त्यांनी केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट.

डेनिस १९८३ मध्ये बुडून गेला, कार्ल १९९८ मध्ये कॅन्सरने. २०१२ मध्ये पन्नाशीच्या टूरला ब्रायन आणि माइक परत एका स्टेजवर उभे राहिले, टूर संपल्यावर माइक आपला वेगळा संच घेऊन त्याच नावाने पुढे निघाला, नाव वापरायचं लायसन्स त्याच्याकडे होतं.

तुमच्यात गाणी कोण लिहितं?