वाचकांचे प्रश्न : डावखुऱ्या हाताने अंतराळातील शिकार

प्रश्न : माझी मुलगी डावखुरी आहे. मावसभावाकडून मिळालेल्या जुन्या निन्टेंडो डीएसवर (हातात धरून खेळायच्या दोन पडद्यांच्या व्हिडिओ गेम यंत्रावर) ‘मेट्रॉइड प्राइम हंटर्स’ खेळताना तिची फार ओढाताण होते. यावर उपाय आहे का? हा खेळ ऑनलाइन खेळता येईल का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : उपाय खेळातच आहे. २००६ साली आलेल्या या खेळात वरच्या पडद्यावर नायिका सॅमस अरानच्या नजरेतून दिसणारे दृश्य असते आणि खालच्या स्पर्शपडद्यावर लेखणी फिरवून नेम धरायचा असतो. मूळ मांडणी उजव्या हातासाठी असली, तरी नियंत्रणांच्या पर्यायांत डाव्या हाताची मांडणीही दिलेली आहे. ती निवडल्यास लेखणी डाव्या हातात राहते, उजव्या अंगठ्याखालच्या चार बटणांनी चालता येते आणि ‘आर’ बटणाने गोळी सुटते. उडी मारण्यासाठी पडद्यावर दोनदा टिचकी मारावी. डावखुऱ्यांचा इतका विचार केलेला पाहून मला मनापासून आनंद होतो. मात्र यंत्राचा भार एकाच हातावर येऊन मनगट अवघडते, म्हणून ते उशीवर टेकवून खेळू द्यावे.

निन्टेंडोने डीएसची ऑनलाइन सेवा मे २०१४ मध्ये बंद केली. जवळजवळ बसलेल्या चौघांना मात्र आपापल्या डीएसवरून आजही एकत्र खेळता येते.