अमेरिकेतल्या स्थानिक टीव्ही वाहिन्या शनिवार-रविवारी मोठी घटना घडली तरी लगेच बातमी का देत नाहीत?

मुख्य कारण म्हणजे माणसंच नसतात. शनिवार-रविवारी न्यूजरूममध्ये एखादा निर्माता, एक-दोन बातमीदार आणि कॅमेरामन, एवढ्यावर काम भागवलं जातं. त्यात हंगामात दुपारभर नेटवर्कचे, म्हणजे स्टेशन ज्या राष्ट्रीय वाहिनीशी जोडलेलं असतं तिचे, अमेरिकन फुटबॉलचे सामने असतात, त्यामुळे बातमीपत्र पुढे ढकललं जातं किंवा रद्दच होतं.

मागे मालकीचंही कारण आहे. नेक्सस्टार, सिंक्लेअरसारख्या कंपन्यांकडे ढिगानं स्टेशनं आहेत आणि काटछाट करताना शनिवार-रविवारच्या पाळ्या सोप्या सापडतात. 2017 साली एफसीसीनं, म्हणजे अमेरिकेतल्या प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, स्टेशनचा मुख्य स्टुडिओ त्याच भागात हवा, हा जुना नियमही काढून टाकला. 2023 मध्ये सिंक्लेअरनं टोलेडोसारख्या काही शहरांतला स्वतःचा बातमी विभागच बंद केला.

मला हे फार गंभीर वाटतं. 22 मे 2011 ला मिझुरीतल्या जॉप्लिनमध्ये टोर्नेडो, म्हणजे जमिनीवरून भोवऱ्यासारखं फिरत जाणारं वादळ, आलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. तो रविवार होता. केएसएनएफ या तिथल्या स्टेशनच्या टॉवरवरच्या कॅमेऱ्यात ते दिसलं आणि निवेदक लोकांना ‘आत्ताच्या आत्ता आसरा घ्या’ म्हणून कळवळून सांगत राहिले. त्या संध्याकाळी स्टुडिओत माणसं होती म्हणूनच ते जमलं.