पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायला ट्रेनिंग कशाला लागतं?

तुम्ही विचारलंय की प्राथमिक शाळेत शिकवायचंय, तेवढं गणित आणि भाषा तर येतेच, मग ट्रेनिंगमध्ये शिकवतात तरी काय आणि ते नंतर कामाला येतं का. मलाही ॲडमिशन घेताना हेच वाटायचं, की वजाबाकी आणि बाराखडी, त्यात शिकण्यासारखं काय असणार. पहिल्या सराव पाठापर्यंत हा माज टिकला.

दुसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. रात्री एक वाजेपर्यंत जागून रंगीत तक्ता केलेला आणि पाठ टाचण (तासाला काय-कसं शिकवायचं ते आधी लिहून काढलेलं) चांगलं चार पानी. टाचणात 'शिक्षक कृती' आणि 'विद्यार्थी कृती' असे दोन रकाने असतात, त्यातल्या दुसऱ्यात मी वरपासून खालपर्यंत 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात' असं लिहून ठेवलं होतं (हसू नका, सगळेच लिहितात). पस्तीस मिनिटांची तासिका, माझं बारा मिनिटांत सगळं सांगून झालं. समजलं का म्हटलं तर अख्खा वर्ग होऽऽऽ. फळ्यावर ४२ वजा १७ दिलं आणि जवळजवळ अर्ध्या वर्गाचं उत्तर आलं ३५. मग मी तेच परत सांगितलं, फक्त जरा मोठ्या आवाजात. परत ३५!

मागे बसलेल्या निरीक्षक मॅडमनी तास संपल्यावर एकच विचारलं, ३५ कुठून आलं ते कुणाला विचारलंत का? नव्हतं विचारलं. मधल्या सुट्टीत एका मुलीला गाठलं तर ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन घालवले." म्हणजे बघा, तिने तर नियम पाळला होता, पहिलीत आपणच सांगतो ना की लहानातून मोठा जात नाही, नेहमी मोठ्यातून लहान घालवायचा. चूक होती पण बिनडोक नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर काड्या ठेवल्या, दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या, आणि म्हटलं यातल्या मला सतरा दे. तिने एक गठ्ठा दिला, मग सुट्यांकडे बघत बसली, आणि मी काही बोलायच्या आत दुसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढलं. उरले दोन गठ्ठे आणि पाच काड्या. 'हातचा' हा शब्द मी त्यानंतर सांगितला, आधी नाही. तेव्हापासून 'विद्यार्थी कृती'च्या रकान्यात मुलं इथे काय चुकतील आणि का, ते लिहायला लागले, आणि माझ्या मते ट्रेनिंग म्हणजे मुख्यतः हेच.

असंच आकड्यांचं. मराठीत आपण पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी, त्यामुळे ऐकून लिहिणारं पोर ५२ लिहितं आणि त्यात त्याचा काय दोष. एकोणतीस तर त्याहून वाईट, त्यात ना दोन ऐकू येत ना नऊ, ऐकू येतो एक आणि तीस, म्हणून वहीत ३१. आपल्याला आयुष्यभर सवय असल्यामुळे हे दिसतच नाही, कुणीतरी दाखवावं लागतं.

दुसरी कामाची गोष्ट सूक्ष्म अध्यापन. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत सुरू केली. पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ, समोर मोजकी मुलं (आमच्याकडे आमचेच वर्गमित्र मुलं बनायचे आणि खऱ्या मुलांपेक्षा जास्त मस्ती करायचे), एका वेळी एकच कौशल्य, मग चुका ऐकून तोच पाठ पुन्हा. माझं कौशल्य होतं प्रश्न विचारणं. मैत्रिणीने मोबाईलवर शूट केलं होतं ते बघितलं तर नऊ प्रश्न विचारले होते आणि त्यातल्या सहाची उत्तरं मीच देऊन टाकली होती. तेव्हा सरांनी मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या संशोधनाबद्दल सांगितलं, १९७४ चं आहे. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब येतात आणि जास्त मुलं बोलतात. उत्तर आल्यावरही तसंच थांबायचं असतं, ते तर अजून अवघड. एकदा मी विचारलं माशाला पाणी का लागतं, एक मुलगा म्हणाला "प्यायला." मी गप्प राहिले, मनात एक दोन तीन चार. "नाही, श्वास घ्यायला. प्यायला तर मलापण लागतं." मी लगेच 'चूक' म्हटलं असतं तर पुढचं वाक्य आलंच नसतं.

मानसशास्त्राचा पेपर बऱ्याच जणांनी घोकून काढला. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा पाण्याचा प्रयोग मात्र स्वतः करून बघा, रुंद भांड्यातलं पाणी मुलासमोर उंच ग्लासात ओतायचं आणि विचारायचं आता जास्त झालं का. पाच-सहा वर्षांचं मूल बहुतेकदा शपथेवर हो म्हणतं!

वेळ वाया जातो तो सजावटीत. आमच्याकडे तक्त्याच्या बॉर्डरला मार्क होते, वजाबाकी पोचली की नाही त्याला नव्हते, याचा राग मला अजून आहे. आणि चार जण एकाच वेळी "बाई, याने माझी पेन्सिल घेतली" म्हणत आले की काय करायचं, घसा बसला की काय करायचं, हे कुठल्याच पेपरात नसतं.

कोर्स निवडताना बाकी काही नाही तरी एवढं विचारा की खऱ्या वर्गात किती दिवस पाठवतात आणि पाठ बघायला कुणी येऊन बसतं का. आणि ॲडमिशनच्या आधी जमलं तर आठवडाभर एखाद्या पहिलीच्या वर्गात नुसतं बसून या. फक्त मागच्या बाकावर बसू नका, तिथून बाईच दिसतात, भिंतीकडेला बसलात तर पोरांच्या वह्या दिसतील.