पाठीत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झाल्यावर उलट्या होऊ नयेत म्हणून काय करावं? आईचं हर्नियाचं ऑपरेशन आहे.

औषधांचं नंतर सांगते. तुमच्या आईला गाडी लागते का? लागत असेल तर ते भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला, ऑपरेशनच्या आधीच.

आम्ही सिडकोतले. वणीच्या गडाला जाताना नांदुरी सोडून घाट लागला की माझ्या आईला हमखास उलटी. तिची गर्भपिशवी काढली तेव्हा हे कुणी विचारलंच नाही. रात्रभर ओकत होती. प्रत्येक उबळीला दोन्ही हातांनी टाके दाबून धरायची, त्यात दुखण्यावर ट्रॅमाडॉल चालू, त्यानेही मळमळतं. मामा म्हणाले, "भुलीने होतंच असं. डॉक्टरांपुढे शहाणपण करू नये."

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनला मी भूलतज्ज्ञ मॅडमना सगळं सांगितलं: घाट, मागच्या उलट्या, ट्रॅमाडॉल. त्यांनी फाईलवर लाल पेनाने लिहून ठेवलं. उलटी होऊ नये म्हणून सुरुवातीलाच डेक्सामेथासोन, संपताना ओंडान्सेट्रॉन, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि मांडीत नसेचा ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन. संध्याकाळी आईने चहात बुडवून बिस्किटं खाल्ली. मामा समोरच बसले होते.

टेबलावर असतानाच मळमळलं तर आईने तेव्हाच सांगायला हवं. पाठीतल्या भुलीने कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं आणि बऱ्याचदा मळमळ त्यानेच होते. तिथे बीपी वर आणणारं इंजेक्शन लागतं. "उगाच कशाला बोलायचं" म्हणून आपल्या बायका गप्प पडून राहतात, याचा मला फार राग येतो.

रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, हाही मामांचाच हट्ट. साधारणपणे हलकं खाणं 6 तास आधी बंद आणि साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर मात्र त्यांचंच ऐका. विचारायला लाजू नका आणि घरातलं कुणी मोठं माणूस अडवत असेल तरी विचारा.

एक राहिलं. डेक्सामेथासोनने साखर वाढते, ओंडान्सेट्रॉन हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांना जपून देतात. त्यामुळे मधुमेह, हृदयविकार, चालू गोळ्या सगळं सांगा, औषध त्यांना ठरवू द्या. आणि घरी आल्यावर उलट्या थांबत नसतील, पोट फुगलं असेल किंवा उठून बसलं की डोकं ठणकून आडवं झाल्यावर कमी होत असेल, तर वाट न बघता फोन करा.