पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

महिनाभरात आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आली असली तरी त्यांतील अडचण बहुतेक एकाच ठिकाणी आहे. माणूस पात्र आहे, योजनाही चालू आहे, पण मधला एखादा कागद अडला आहे आणि तो कोठे अडला हे कोणी सांगत नाही. म्हणून उत्तरे देताना रकमेपेक्षा कागदांविषयी अधिक लिहिले आहे.

प्रश्न : माझे वय ३८ आहे. माझे पती बांधकामावर मजुरी करत होते. दोन महिन्यांपूर्वी हृदयविकाराने वयाच्या ४१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोन मुले शाळेत आहेत. आमचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत आहे. मला कोणकोणती मदत मिळू शकेल? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : ताई, आपल्याला एक नव्हे, चार अर्ज करता येतील आणि प्रत्येक अर्जासोबत मृत्यूचा दाखला लागेल. त्यामुळे ग्रामपंचायतीतून त्याच्या पाच-सहा प्रमाणित प्रती आधी घेऊन ठेवाव्यात. दाखल्यावरील पतींचे नाव आधार कार्ड आणि शिधापत्रिका यांवरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे तेथेच उभे राहून पाहावे. नावातील एका वेलांटीसाठी वर्षभर फेऱ्या मारणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत.

पहिला अर्ज राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाची मुख्य कमावती व्यक्ती मृत्यू पावल्यास, मृत्यू नैसर्गिक असो वा अपघाती, कुटुंबाला २०,००० रुपये एकरकमी मिळतात. दुसरा अर्ज संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. निराधार विधवा म्हणून तिच्यातून दरमहा १,५०० रुपये मिळतात. हे दोन्ही अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत द्यायचे असल्याने ते एकाच फेरीत होतील. दुसऱ्या अर्जासाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असल्याचा रहिवासी दाखला जोडावा लागतो.

संजय गांधी योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये धरलेली आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीतील नावाचा उतारा जोडला, तर आपल्याला उत्पन्नाच्या दाखल्याची अडचण येणार नाही. ज्यांचे नाव त्या यादीत नाही, त्यांचे मात्र हाल होतात. २१,००० म्हणजे महिन्याला अवघे १,७५० रुपये. आज कोणत्याही गावात आठवड्यातून दोन दिवस मजुरीला जाणारी बाईसुद्धा ही मर्यादा ओलांडते, आणि म्हणून खरोखर निराधार असलेली स्त्री कागदावर निराधार ठरत नाही. ही मर्यादा वाढवली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते येथे नोंदवून ठेवतो.

तिसरा अर्ज मुलांसाठी. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून वडील किंवा आई गमावलेल्या मुलाला वयाच्या १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. हा अर्ज तहसीलमध्ये नाही, तर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा लागतो. त्यानंतर घरी येऊन चौकशी होते आणि बालकल्याण समिती आदेश देते. शाळेचा बोनाफाईड दाखला दोन्ही मुलांचा स्वतंत्र घ्यावा. गावोगावच्या विधवा स्त्रियांना निराधार योजना ठाऊक असते, पण ही योजना फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या वाडीत अशी दुसरी कोणी असेल तर तिलाही सोबत न्यावे.

चौथी गोष्ट म्हणजे पतींची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होती का, हे शोधणे. घरातील पिशव्या, ट्रंक, जुन्या वह्या यांत ओळखपत्र किंवा नूतनीकरणाची पावती सापडते का, ते पाहावे. मृत्यूच्या दिवशी नोंदणी जीवित असेल, तर नैसर्गिक मृत्यूसाठीही वारसाला २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे, शिवाय विधवा पत्नीला पाच वर्षे दरवर्षी २४,००० रुपये. नूतनीकरण राहिले असेल, तर हा मार्ग बहुधा बंद होतो. बांधकामावर काम करणाऱ्या इतर वाचकांनी म्हणूनच आपले कार्ड आजच काढून त्यावरील तारीख पाहावी.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. त्यांना श्रावणबाळ योजनेचे पैसे नियमित मिळत होते. चार महिन्यांपासून ते बंद आहेत. तहसीलमध्ये पैसे पाठवल्याचे सांगतात आणि बँकेत आले नसल्याचे सांगतात. (परभणी जिल्हा)

उत्तर : दोन्ही ठिकाणी आपल्याला खरे सांगितले जात असण्याची शक्यता आहे. या योजनेचे पैसे आता थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे खाते क्रमांकावर नव्हे तर आधार क्रमांकावर पाठवले जातात. एखाद्याची तीन बँकांत खाती असतील आणि तिन्ही ठिकाणी त्याने आधारची झेरॉक्स दिली असेल, तरी सरकारी पैसे जमा होण्यासाठी त्यांपैकी एकच खाते आधारशी संलग्न असते, आणि साधारणपणे ते सर्वांत शेवटी संलग्न केलेले असते. वडिलांनी मधल्या काळात एखादे नवे खाते उघडले होते का, हे त्यांना सावकाश आठवायला लावा. पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन गेला आणि पोस्ट पेमेंट बँकेचे खाते उघडले गेले, पण घरच्यांना त्याचा पत्ताच नाही, असे अनेकदा घडते. पैसे त्या खात्यात सुखरूप पडून असतात.

आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बँक संलग्नतेची स्थिती पाहता येते, मात्र त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागतो. तो बंद असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन क्रमांक बदलून घ्यावा. नेहमीच्या बँकेतच पैसे हवे असतील, तर त्या शाखेत आधार संलग्नतेचा संमती अर्ज भरून द्यावा. बँकेत ‘आधार लिंक आहे’ असे उत्तर मिळाल्यास थांबू नये. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार जोडणे आणि सरकारी अनुदानासाठी खाते संलग्न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही कधी कधी सांगावे लागते.

यात काही निघाले नाही, तर हयातीचा दाखला पाहावा. लाभार्थी हयात असल्याची पडताळणी दरवर्षी होते आणि तीत नाव नोंदवायचे राहून गेले तर अनुदान थांबते. वडील पडताळणीच्या वेळी लेकीकडे किंवा दवाखान्यात होते का, हे तपासावे. तसे असेल, तर त्यांना प्रत्यक्ष घेऊन संजय गांधी शाखेत जावे, दाखला द्यावा, आणि थांबलेल्या महिन्यांच्या थकीत रकमेची मागणी त्याच दिवशी वेगळ्या अर्जाने लेखी करावी. तोंडी मागितलेली थकबाकी कोणत्याही फाइलमध्ये नोंदली जात नाही.

प्रश्न : मला संजय गांधी योजनेचे १,५०० रुपये मिळतात. लाडकी बहीण योजनेचाही अर्ज भरावा का? (धुळे)

उत्तर : भरू नये. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या त्या योजनेच्या अटींनुसार दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा त्याहून अधिक लाभ घेणारी स्त्री अपात्र ठरते. कोणी पैसे घेऊन दोन्हीकडे नाव लावून देतो म्हणत असेल, तर त्याला घरात घेऊ नका.

प्रश्न : मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करून दीड महिना झाला. प्रत्येक वेळी सर्व्हर बंद असल्याचे सांगतात. तक्रार केली तर दाखला कायमचा अडेल अशी भीती वाटते. (नाशिक जिल्हा)

उत्तर : आपली भीती मी समजू शकतो, पण आपण जे करणार आहात ती तक्रार नसून कायद्याने दिलेले अपील आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिलेली आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ती १५ दिवसांची आहे. सेवा, तिची मुदत, पदनिर्देशित (म्हणजे ती सेवा देण्यास जबाबदार) अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची माहिती कार्यालयाच्या दर्शनी भागी फलकावर लावणे बंधनकारक आहे. पुढच्या फेरीत त्या फलकाचा फोटो काढून घ्यावा.

मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला, की ३० दिवसांच्या आत पहिले अपील त्या अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे, म्हणजे फलकावर दिलेल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे करता येते. तेथे न्याय मिळाला नाही तर दुसरे अपील आहे आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. पुरेशा कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्ज फेटाळायचा असेल, तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात, ‘होत नाही’ एवढे तोंडी सांगून भागत नाही. आपल्या बाबतीत पहिल्या अपिलाची मुदत संपत आली आहे, म्हणून या आठवड्यातच ते दाखल करावे.

या सगळ्याचा पाया मात्र एक छोटा कागद आहे, अर्जाची पोच. तिच्यावर अर्ज क्रमांक आणि तारीख असते. ती नसेल, तर दीड महिना कधीपासून मोजायचा हेच सिद्ध करता येत नाही. सेतू केंद्रातून अर्ज केला असेल तर पावतीवर क्रमांक असतोच. ती हरवली असल्यास तेथूनच पुन्हा छापून घ्यावी. आणि भीतीबद्दल म्हणाल, तर माझा अनुभव उलट आहे : ज्या अर्जामागे लेखी अपील असते, तो सहसा ढिगाच्या वर येतो.

प्रश्न : शेतात पाणी देताना माझ्या थोरल्या भावाला सर्पदंश झाला आणि दवाखान्यात नेताना तो गेला. सात-बारा त्याच्या नावावर आहे. विमा काढलेला नव्हता. (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : आपल्या दुःखात सहभागी आहे. घाई करायला सांगणे जिवावर येते, पण येथे मुदत खरोखरच लहान आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत घटना घडल्यापासून ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव द्यावा लागतो. वेगळा विमा काढलेला असण्याची गरज नाही. वहितीधारक, म्हणजे जमीन नावावर असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील आणखी एक सदस्य, वय १० ते ७५, यांना ही योजना लागू आहे आणि सर्पदंश तिच्यात येतो. मृत्यूसाठी वारसाला २ लाख रुपये मिळतात.

सात-बारा, मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडील वारस नोंद आणि पोलीस पंचनामा ही कागदपत्रे जमवावीत. शवविच्छेदन झाले असल्यास अहवालाची प्रत मागावी. दुःखाच्या भरात अनेक कुटुंबे शवविच्छेदन नको म्हणतात आणि मग मृत्यू सापामुळेच झाला हे दाखवणे कठीण होते. आपल्याकडे तो अहवाल नसेल, तर ज्या दवाखान्यात नेले तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याकडून मृत्यूच्या कारणाचा लेखी दाखला घ्यावा. एखादा कागद अपुरा असला तरी प्रस्ताव मुदतीत दाखल करून पोच घ्यावी आणि उरलेला कागद नंतर जोडावा. सगळे जमल्यावर एकदमच देऊ, असे म्हणत थांबू नये.

प्रश्न : आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतो. आई आणि लहान मुले गावी राहतात. तेवढ्या काळात आमचे रेशन बुडते. (बीड जिल्हा)

उत्तर : बुडण्याचे कारण नाही. ‘एक देश एक रेशन कार्ड’ या व्यवस्थेमुळे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकेवर कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते, मग तो कारखाना राज्यातला असो वा कर्नाटकातला. त्यासाठी मूळ कार्ड सोबत नेण्याची गरज नाही. शिधापत्रिकेचा क्रमांक किंवा आधार क्रमांक पुरतो, मात्र अंगठा लावणाऱ्याचे आधार त्या कार्डाला जोडलेले हवे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते आणि ते १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. आपल्या वाट्याचे काही धान्य तेथे घेतले, तर उरलेले त्याच महिन्यात आई गावच्या दुकानातून घेऊ शकते. आईचे बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नसतील, तर निघण्यापूर्वी गावी राहणाऱ्या मुलांपैकी थोरल्याचे आधार प्रमाणीकरण दुकानात करून घ्यावे.

प्रश्न : आमच्या गावात ग्रामसभा झाल्याचे आम्हाला नंतर कळते. घरकुलाची यादीही अशीच ठरली. बातमी सर्वांपर्यंत पोचावी यासाठी आम्ही तरुण काय करू शकतो? (सातारा जिल्हा)

उत्तर : वर्षभरात किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा परंपरेने ठरल्यासारख्या आहेत. सभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते आणि दवंडीही द्यावी लागते. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती नसल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट राहत नाही. यादी चार माणसांत ठरते ती पुष्कळदा अशाच तहकूब सभेत, म्हणून तिची तारीखही विचारून ठेवावी.

घरकुलाच्या यादीबाबत त्या सभेची सूचना, उपस्थितांच्या सह्या आणि इतिवृत्त यांच्या प्रती माहितीच्या अधिकाराखाली मागाव्यात. शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.

राहिली बातमी पोचवण्याची गोष्ट. मोबाइलवरील गट उपयोगी आहेत, पण ज्यांना अनुदानाची सर्वांत जास्त गरज आहे, त्या म्हाताऱ्या माणसांकडे आणि एकट्या बायकांकडे बहुधा तसला फोन नसतो. त्यामुळे पंचायतीच्या फलकावरील प्रत्येक सूचना ठळक अक्षरांत लिहून पाण्याची टाकी, दूध संकलन केंद्र, गिरणी, रेशन दुकान आणि वस्तीवरची शाळा येथे लावावी. तुमच्यापैकी एकेकाने एकेक वस्ती वाटून घ्यावी आणि हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत तेथील प्रत्येक लाभार्थ्याच्या घरी एकदा जाऊन यावे. पुढच्या ग्रामसभेत आणखी एक ठराव मांडावा : निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांची यादी आणि प्रलंबित अर्जांची यादी दर तीन महिन्यांनी वाचून दाखवावी. ठरावाचा मसुदा मला पाठवला, तर मी तो पाहून देईन.